एवेलिओकडचा ओरिजिनल

शनिवारी दुपारी चारला लिस्बेटच्या पंधराव्या वाढदिवसाचा समारंभ होता. हॉलपर्यंत आपण उघड्या गाडीतून येणार, हे तिने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं. फक्त गाडीला सांगायचं राहिलं होतं.

गाडी तिच्या बापाची, म्हणजे माझ्या निवाल्दोमामाची. एकोणीसशे बावन्नची, अमेरिकन. निदान आरशापुरती तरी. इंजिन रशियन जीपचं, स्टिअरिंग मासेमारीच्या होडीचं, दाराची कडी आमच्या फ्रिजची. फ्रिज आम्ही दोरीने बांधतो.

शुक्रवारी गाडीचा डायफ्राम फाटला. डायफ्राम म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढणारा रबराचा गोल पडदा. मी माझ्या बोंगो ढोलकीचं कातडं कापून बसवलं. तिसऱ्या गल्लीपर्यंत गाडी तालात चालली, मग पेट्रोल पिऊन कातडं लोळलं.

"डुप्लिकेट ते डुप्लिकेट!" मामा ओरडला. "सकाळी एवेलिओकडे जा. त्याच्याकडे ओरिजिनल असतात. आणि लिस्बेट रडली तर तिला तू समजवायचं."

सकाळी एवेलिओच्या दारापासून पार कोपऱ्यापर्यंत रांग होती.

"शेवटचं कोण?" मी विचारलं. छत्रीवाल्या एका बाईने हात वर केला. मी तिच्यामागे उभा राहिलो.

"काय मिळतंय?"

"कुणास ठाऊक. रांग दिसली, उभी राहिले."

"अंडी असतील," मी आपलं म्हणालो. पाच मिनिटांत मागच्या माणसाने माझ्या खांद्यावर टकटक करून खात्रीची बातमी दिली, की अंडी आली आहेत.

तासाभराने आत पोहोचलो. आत एवेलिओ होता. सुटात, शवपेटीत.

छत्रीवाली क्षणभर थबकली, मग मनापासून रडली. एवढा वेळ उभी होती बिचारी.

"तू कुणाचा रे?" एवेलिओच्या बायकोने, ओदालिसकाकूंनी विचारलं.

"निवाल्दोचा भाचा. डा... फार वाईट झालं, काकू."

"डायफ्राम ना?"

"हो."

"सकाळपासून तू चौथा."

तेवढ्यात शववाहिकेचा ड्रायव्हर टोपी चुरगाळत आत आला. "बाई, गाडी सुरू होत नाहीये. डायफ्राम गेलाय."

सगळ्यांनी सवयीने एवेलिओकडे बघितलं. तो काही उठला नाही.

काकू आतल्या खोलीत गेल्या आणि एक जुना लष्करी रेनकोट घेऊन आल्या. जाड, रबर लावलेला. त्याला जागोजागी बशीएवढी गोल भोकं होती, अगदी कंपासने काढल्यासारखी.

"हे घे. ओरिजिनल."

"काकू, म्हणजे एवेलिओकाका इतकी वर्षं...?"

"रेनकोट एकसष्टचा आहे. ओरिजिनलच आहे तो," काकू शांतपणे म्हणाल्या आणि कात्री पुढे केली. "आधी त्याच्यासाठी काप."

पाठीवर एकच धड तुकडा उरला होता. तो मी कापला, शववाहिकेत बसवला. ती खोकली, शिंकली आणि सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग प्रसंग आठवून थांबले.

मी रेनकोट उलटासुलटा केला. नुसती भोकं. लिस्बेटला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो.

"रेनकोटची टोपी राहिलीय की," काकू म्हणाल्या. "डोकं भिजेल म्हणून तेवढी कापू द्यायची नाही मी त्याला." त्या शवपेटीकडे बघून किंचित हसल्या. "आता कुठे भिजतोय. काप."

पावणेचारला लिस्बेट पॅराशूटएवढा निळा झगा सावरत मागच्या सीटवर चढली. गाडी हॉलपर्यंत एकदाही अडखळली नाही. अख्खा वर्ग पायऱ्यांवर उभा होता आणि लिस्बेट त्यांना ओळख नसल्यासारखा हात हलवत होती.

"आवाज ऐक," मामा मला म्हणाला. "एवेलिओकडचा तो एवेलिओकडचा. नाहीतर तुझा तो बोंगो!"

"खरंय, मामा."

लिस्बेटच्या गालाचा मुका घ्यायला पाहुण्यांची रांग लागली. थोड्या वेळाने टोकाकडून ओळखीचा आवाज आला, "शेवटचं कोण?"

छत्रीवाली होती. मी हात वर केला.

"काय मिळतंय?" तिने विचारलं.

"केक."

"नक्की?"

"नक्की. अंडी घातलेला."