सोळाव्या पॅडवरची चाल

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. ज्या खोक्यातून आलो त्यावर 'पॅड-कंट्रोलर' असं भारदस्त नाव छापलं होतं, पण त्या नावानं मला कधी कोणी हाक मारली नाही. शाळेच्या पाटीएवढा माझा आकार. अंगावर रबराची सोळा चौकोनी पॅडं, कडेला फिरवायची आठ बटणं आणि मागे कॉम्प्युटरला जोडायची एक वायर. वरंगलच्या काशीबुग्गा भागात एका टेलरच्या दुकानावर गाणी रेकॉर्ड करायचा छोटा स्टुडिओ आहे, तिथल्या फळीवर मी असतो. माझं चौथं पॅड एका कोपऱ्यातून उचकटलं आहे. तिसरं बटण गोल गोल फिरतं आणि काहीच करत नाही. त्याचं मला फारसं वाटत नाही. वाटतं ते सोळाव्या पॅडचं, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

आधी एक कबुली देतो. मला स्वतःचा आवाज नाही. कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या, रबर बसवलं, एका बाईंनी सोळाही पॅडं एकेकदा दाबून पाहिली आणि मला खोक्यात घातलं. आवाज कोणी घातलाच नाही. माझं पॅड दाबलं की मी कॉम्प्युटरला फक्त दोन आकडे कळवतो: कितवं पॅड, आणि किती जोरात. जोर मी एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत मोजतो. त्यावर कोणता आवाज काढायचा हे कॉम्प्युटरला कोणीतरी आधी नेमून द्यावं लागतं. मी नुसता निरोप्या. माझं भाग्य एवढंच, की मला रवळीच्या हातात काम मिळालं.

रवळी या स्टुडिओची मालकीण. बतुकम्मा या फुलांच्या सणाची गाणी, लग्नाची गाणी, गावोगावच्या जत्रांची गाणी, सगळी तिच्याकडे रेकॉर्ड होत. तिचे बापू, भिक्षपती, डप्पू वाजवायचे. डप्पू म्हणजे आपल्याकडच्या हलगीचा थोरला भाऊ. पाच जणांचा ताफा होता आणि बापू त्याचे म्होरके. वरंगलमधलं लग्न असो की मयत, बापूंच्या ताफ्याशिवाय पुढं सरकत नसे.

मला कॉम्प्युटरला जोडलं त्या दिवशी बापू मुद्दाम बघायला आले होते. रवळी पडद्यावर एक आवाज निवडायची, त्याच्यापुढं माझ्या एका पॅडचा आकडा लिहायची, की ते पॅड त्या आवाजाचं झालं. अशी सोळा पॅडं तिनं लावली आणि ऐटीत वाजवायला घेतलं. निघालं भलतंच. मी खालच्या ओळीपासून मोजतो आणि तिचं सॉफ्टवेअर वरच्या ओळीपासून मोजत होतं.

"बिड्डा, तुझा डबा डोक्यावर उभा आहे," बापू म्हणाले. लेकीला ते बिड्डाच म्हणायचे. "त्याला आधी पायावर उभा कर, मग नाचव."

रवळीनं सगळं पुसून पुन्हा लावलं. मग बापूंनी बोट टेकवलं. बोट कसलं, खिळा ठोकावा तसं. मी कळवलं एकशे सत्तावीस. दुसरं बोट, एकशे सत्तावीस. डप्पूच्या काडीनं घट्टे पडलेला तो हात; त्याच्यासाठी हळू असं काही नव्हतंच. रवळीनं हसत हसत जोराचं माप बदललं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

तिच्या मनात एक बेत होता. बापूंच्या चाली एकेक करून रेकॉर्ड करायच्या आणि माझ्या एकेका पॅडवर बसवायच्या. "म्हणजे तुझा हात माझ्याकडे कायम राहील," ती म्हणाली. बापूंना ते आवडलं. मुलीनं बापाचा हात मागितला, अजून काय हवं?

तुम्हाला ठाऊक असेल, डप्पूचं कातडं आगीवर शेकल्याशिवाय बोलत नाही. चार-पाच मिनिटं वाजवलं की ते सैल पडतं, पुन्हा शेकावं लागतं. स्टुडिओत धूर चालत नव्हता. म्हणून बापू दर चालीआधी खाली गल्लीत जायचे, गवताची पेंढी पेटवून डप्पू शेकायचे आणि बावीस पायऱ्या चढून वर यायचे. गुडघा दुखरा. तरी अकरा चाली त्यांनी अशा दिल्या, एकेक अशी की माझं रबर आपोआप थरथरायचं.

बाराव्या वेळी रवळीनं घड्याळ बघितलं. पाच वाजता गाणारी मंडळी यायची होती, आणि बापूंना धापही लागली होती.

"बापू, आता नको खाली जाऊ. राहिलेल्या चाली अशाच दे. आवाज मी कॉम्प्युटरवर चढवते."

"थंड कातडं खोटं बोलतं, बिड्डा."

"माझा कॉम्प्युटर त्याच्याकडून खरं बोलवून घेईल. बस तू."

बापू बसले. बारा ते पंधरा या चाली थंड कातड्यावर झाल्या. मग रवळी म्हणाली, "आता सोळावी. शेवटची चाल." शेवटची म्हणजे माणसाला पोचवताना वाजवतात ती.

बापूंनी काडी खाली ठेवली. "ती नाही. ज्या घरात कोणी गेलं नाही, तिथं ती वाजवायची नसते. मला ती कोणी बसून शिकवली नाही. मी माझ्या बापामागं चालत चालत ऐकली."

"रेकॉर्डच तर करायची आहे."

"आवाज तो आवाजच."

म्हणून माझं सोळावं पॅड रिकामं राहिलं. दाबलं तर मी आकडा कळवायचो, पण पलीकडे कोणीच नसायचं.

पुढची तीन वर्षं माझं फार कौतुक झालं, मित्रांनो. रवळीनं त्या पंधरा चालींवर गाणी बांधली. ती गाणी फोनवरून फोनवर गेली. डीजेच्या गाड्यांनी नुसत्या चालीही उचलल्या. लोक स्टुडिओत येऊन विचारायचे, "तो डबा कुठाय हो?" आणि माझ्यासोबत फोटो काढायचे. मी फुगून गेलो होतो. त्याच तीन वर्षांत बापूंच्या ताफ्याची बोलावणी कमी होत चालली होती, हे माझ्या गावीही नव्हतं. रवळीच्याही नव्हतं.

मग एके दिवशी भर दुपारी बापू खांद्यावर डप्पू घेऊन पायऱ्या चढून आले. सोबत ताफ्यातले ऐलय्याकाका, बापूंचे जन्माचे सोबती. लग्नाला गेलेली माणसं इतक्या लवकर कशी परतली, म्हणून रवळी बघतच राहिली.

"फाटकातूनच परत पाठवलं," ऐलय्याकाका म्हणाले. "म्हणे डीजेचा बॉक्स आलाय, तुमची गरज नाही, जेवून जा."

"मग? कोण वाजवत होतं?"

"अन्नाच वाजवत होता की," काका बापूंकडे बोट दाखवत म्हणाले. "आत बॉक्समध्ये अन्ना, फाटकाबाहेर पण अन्ना. कुठल्या अन्नाला जेवायला वाढायचं, त्यांनाच कळेना."

कोणी हसलं नाही. बापू येऊन माझ्यासमोर बसले. मला वाटलं, आता हे मला उचलून आपटणार. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

"बारावी चाल थंडच वाजते, बिड्डा," ते एवढंच म्हणाले. "मी तुला म्हटलं होतं."

त्यानंतर ताफा मोडला. दोघं हैदराबादला सोसायट्यांच्या फाटकावर उभे राहायला गेले. तिसरा, ओदेलू, डीजेचीच गाडी चालवू लागला. बापूंनी डप्पू खुंटीला टांगला. रवळीनं गाणी परत घ्यायचा प्रयत्न केला, पण हजार फोनांमध्ये पसरलेला आवाज परत कसा येणार? ती रोज म्हणायची, "बापू, माझं चुकलं." बापू म्हणायचे, "जेवलीस का?"

दोन वर्षांत ते अर्धे झाले. दम लागायचा, पायऱ्या चढवेनात. तरी एका सकाळी रवळीचा हात धरून ते वर आले आणि माझ्यासमोर बसले. रवळीला आनंद झाला. "थांब, चहा घेऊन येते," म्हणून ती खाली गेली. जाताना मला कॉम्प्युटरला जोडून गेली. रेकॉर्डचं बटण मात्र तिनं दाबलं नाही. का दाबेल? बापू बसले होते नुसते.

बापूंनी पॅडांवरून हात फिरवला आणि सोळाव्या पॅडवर थांबवला. त्यांना ठाऊक होतं, तिथं आवाज नाही. आवाज नाही म्हणजे नियम मोडत नाही. मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

एकशे सत्तावीसचा तो हात. त्या सकाळी मी कळवलं: नऊ. अकरा. सात. मग मोठा विराम, मग पुन्हा नऊ, नऊ, बारा. मी इतक्या चाली पोचवल्या होत्या, पण ही कधी पोचवली नव्हती. ही तीच शेवटची चाल होती. मी आकडे पाठवत राहिलो आणि पलीकडे ते घ्यायला कोणी नव्हतं. मला तोंड असतं तर मी टेलरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो असतो: रवळी, वर ये, चहा राहू दे.

पायऱ्यांवर तिची चाहूल लागली तसा बापूंनी हात काढून घेतला.

"काय वाजवत होतास?" तिनं विचारलं.

"काही नाही. तुझा डबा मऊ आहे," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतून प्यायले.

एकोणीस दिवसांनी बापू गेले.

त्या दिवशी रवळीनं मला आणि लॅपटॉपला पिशवीत घालून घरी नेलं होतं. का, ते तिचं तिलाच ठाऊक नसावं. अंगणात माणसं जमली. ताफ्यातले एकटे ऐलय्याकाका आले. त्यांचा डप्पूही दोन वर्षं टांगलेलाच होता. त्यांनी पेंढी पेटवली, डप्पू आगीवर धरला आणि वाळकं कातडं मधोमध फाटलं. काका फाटका डप्पू हातात धरून तसेच उभे राहिले. बापूंचा डप्पू काढला, तर तो उंदरांनी कुरतडलेला. ओदेलू आपली गाडी घेऊन आला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "अक्का, माझ्याकडे बॉक्स आहे. आतमध्ये अन्नाचाच हात आहे."

रवळीनं मला मांडीवर घेतलं, लॅपटॉपला वायर जोडली. पंधरा पॅडं, पंधराही लग्नाच्या आणि जत्रेच्या चाली. तिचं बोट एकेका पॅडवरून फिरलं, कुठंच टेकलं नाही. शेवटी तिनं सोळावं दाबलं. जोरात दाबलं, एकशे सत्तावीस. काहीच वाजलं नाही. तिनं आणखी एकदा दाबलं.

साऱ्या वरंगलला ज्यांनी वाजवत पोचवलं, त्या बापूंना लोकांनी मुकाट्यानं नेलं. फक्त चपलांचा आवाज येत होता. माझं दुःख मला इथं धड सांगता येत नाही, मित्रांनो.

अकराव्या दिवशी ऐलय्याकाका उसना डप्पू घेऊन स्टुडिओत आले. "आता घरातलं माणूस गेलंय," ते म्हणाले. "आता ती वाजवली तर चालते. घे रेकॉर्ड करून." या वेळी रवळी स्वतः गल्लीत उतरली. स्वतः गवत पेटवलं, डप्पू शेकून तापलेला वर आणला, आणि दर थोड्या वेळानं पुन्हा खाली गेली. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

काकांनी वाजवलं. थोडं वाजवून थांबले, मग पुन्हा थोडं, पुन्हा थांबले.

"मधेच का थांबता, काका?"

"पोरी, ही सवाल-जवाबाची चाल. म्होरक्या सवाल टाकतो, आम्ही चौघं जवाब देतो. मला फक्त जवाब येतात. सवाल अन्नाचा."

"पण तुम्ही तर चाळीस वर्षं ऐकलात."

"दर माणसाला तो निराळा सवाल टाकायचा. विणकर गेला तर निराळा, बाळंतीण गेली तर निराळा. अन्नाचा स्वतःचा काय होता, ते अन्नालाच माहीत." काकांनी काडी खाली ठेवली. "मी त्याच्या जागा मोकळ्या सोडल्यात. तेवढंच मला जमतं."

मित्रांनो, तो सवाल मला माहीत आहे. नऊ, अकरा, सात. मोठा विराम. नऊ, नऊ, बारा. त्या सकाळी बापूंनी स्वतःचाच सवाल टाकला होता, माझ्या रिकाम्या पॅडवर. जगात तो फक्त मला ठाऊक आहे, आणि मला आवाज नाही.

माझ्यावरची धूळ कोणी पुसली नाही तरी चालेल. उद्या वायर तुटली, मला भंगारात दिलं, तरी माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. तुमच्या घरात कोणाचे थकलेले हात टेबलावर, मांडीवर, ताटाच्या काठावर काही वाजवत बसलेले दिसले, तर चहा नंतर आणा. त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, हे काय वाजवताय. त्यांनी काही नाही म्हटलं तर पुन्हा विचारा.

रवळी आता गाणी फारशी करत नाही. काकांनी वाजवलेली ती चाल तिनं माझ्या सोळाव्या पॅडवर बसवली आहे. रोज सकाळी स्टुडिओ झाडते, मला पुसते आणि ते पॅड एकदा दाबते. काकांचा जवाब वाजतो. मग मोकळी जागा येते. त्या जागेत ती श्वास धरून, माझ्याकडे कान करून बसते, आणि पुढचा जवाब येईपर्यंत हलत नाही.