मी पंखावर बसले

आमच्या टेकडीवर हवामानाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. पॅराग्लायडिंगची शाळा दादाची, पण आज उडायचं की नाही हे मी सांगते. सकाळी उपग्रहाची चित्रं आणि वाऱ्याचे आकडे बघते, मग बाहेर येऊन मान वर करते आणि फळ्यावर अंदाज लिहिते. हवामान खात्याच्या मोठ्या कार्यालयाचा अंदाज अख्ख्या जिल्ह्याचा असतो, आमच्या टेकडीपुरता माझा. मी ‘नाही’ लिहिलं की कुणी पंख, म्हणजे उडायचं ते भलंमोठं कापड, उलगडायचा नाही, हा नियम खुद्द दादाचा.

त्या दिवशी राज्याच्या पॅराग्लायडिंग संघाची निवड होती. प्रत्येकानं आपापल्या टेकडीवरून उडायचं, सर्वांत लांब जाईल तो संघात. दिवस तेवढा एकच. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, वर्षभर याच एका दिवसासाठी राबली होती. कार्यालयानं सांगितलं होतं, ‘आकाश निरभ्र’. सांगायला त्यांचं काय जातं!

दुपारी कापसाचे ढग उगवले. जमीन तापते, गरम हवा वर चढते, चढता चढता गार होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. सगळी हवा साधारण एकाच उंचीवर तेवढी गार होते, म्हणून ढगाचं बूड सपाट दिसतं. इतर लोक ढग बघून घरात पळतात, आम्ही त्याच्या बुडाखाली जातो, कारण तिथे वर नेणारी फुकटची शिडी असते. आमची माणसं मरतात तीही याच लोभानं. ढग उंचीपेक्षा रुंद आहे तोवर तो आपला. रुंदीपेक्षा उंच झाला की तो कुणाच्या बापाचा नाही. मग ती शिडी उतरू देत नाही, माणसाला आत ओढून घेते.

टेकडीमागचा एक ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगायला लागला. बघता बघता तो रुंदीच्या दुप्पट उंच झाला. मी फळ्यावर ‘नाही’ लिहिलं.

“अगं, थेंब तरी आहे का कुठे?” दादा म्हणाला.

“थेंब पडायची वाट बघायची असेल तर मला कशाला ठेवलंयस?”

“गर्जेल तो पडेल काय! आणि हा तर गर्जतही नाहीये.” त्यानं बाहीनं फळा पुसला आणि लेकीला हाक मारली, “घे पंख!”

तिनं गवतावर पंख पसरला, दोऱ्या सोडवल्या, हेल्मेट चढवलं. दादाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी तरातरा गेले आणि पंखाच्या मधोमध फतकल मारून बसले.

“आत्या, ऊठ!”

“नाही उठत.”

“कापड फाटेल!”

“फाटू दे.”

दादा ओरडला, मग त्यानं गयावया केली, मग पुन्हा ओरडला. मला उचलायची मात्र त्याची हिंमत झाली नाही. भाचीनं एक टोक धरून ओढलं, तर मी आडवीच झाले. बघणारे हसत होते. हसोत बापडे.

आणि तो ढग? त्याच्या डोक्यावरचे कोंब विरघळले, तो एका बाजूला कलला, विरला. एक थेंब पडला नाही. शेजारच्या टेकडीवरचा एक जण त्याच ढगाखालून वर चढला, पार तळ्यापलीकडे जाऊन सुखरूप उतरला आणि संघात गेला. वॉकीटॉकीवर बातमी आली तेव्हा मी अजून पंखावरच होते. ढगानं मला साफ तोंडघशी पाडलं होतं.

“कुठे गेलं तुझं वादळ?” दादा म्हणाला. “उद्यापासून हवामान मी बघीन.”

“खुशाल बघ. पण पुन्हा असा ढग असताना ही निघाली, तर मी पुन्हा इथेच बसेन. काढून टाकलंस तरी येऊन बसेन.”

भाचीनं हेल्मेट काढून गवतावर आपटलं. तिचे डोळे लाल झाले होते. “माझं सगळं वर्ष खाल्लंस तू, आत्या.”

“खाल्लं.”

“निदान चुकलीस एवढं तरी म्हण!”

“चुकले नाही. वादळ झालं नाही, एवढंच.”

ती मला नाही नाही ते बोलली. म्हातारी झालीस म्हणाली, जळतेस म्हणाली, तुझं तोंड बघणार नाही म्हणाली. मला लागलं, खूप लागलं. तरी मी माफी मागितली नाही. मी तिच्याकडेच बघत बसले होते. ती पाय आपटत होती, आणि पाय जमिनीवर होते.