बँकेतल्या बाकावरचे सदतीस दिवस

साहेब, माणूस काढायचाच होता तर दारातून काढायचा होता. तुम्ही त्याला माझ्यावर बसवून काढलंत. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. रोज थोडा थोडा तासत गेलात आणि त्या कामाला हत्यार म्हणून मला वापरलंत. हे मी आता चारचौघांत सांगणार आहे. तुमचं नाव घेत नाही. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, ज्याला लागायचं त्याला लागेल.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. सोलापुरात चाटी गल्लीच्या तोंडाशी एक बँक आहे, तिच्या हॉलमध्ये खिडक्यांसमोर मी सतरा-अठरा वर्षं काढली. निंगप्पा सुतारानं मला घडवलं. बिलात सागवान, अंगात कडुनिंब. मधले पैसे कुणी खाल्ले ते निंगप्पाला माहीत होतं, पण त्याला घर चालवायचं होतं, म्हणून तो गप्प बसला. एक गोष्ट मात्र त्यानं ऐकली नाही. बँकेनं सांगितलं होतं, फळी अरुंद ठेव, लोकांनी फार वेळ बसायला नको. निंगप्पा म्हणाला, आमची माणसं पाय सोडून बसत नाहीत, मांडी घालून बसतात. आणि त्यानं माझी फळी चांगली हातभर रुंद धरली.

त्या रुंदीवर मी काय काय पाहिलं! गिरणीचा भोंगा झाला की रात्रपाळीचे कामगार यायचे आणि नंबर येईपर्यंत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे. विणकरांच्या बायका तेलुगूत तावातावानं बोलायच्या आणि खिडकीशी गेल्या की एकदम मराठीत लाजायच्या. सांगोल्याकडची धनगर मंडळी मेंढरं विकून आली की घोंगडी अंथरून बसायची, दोन दिवस माझ्या अंगाला लोकरीचा वास यायचा. शेंगाचटणीचं तेल तर माझ्यात इतकं मुरलंय की मला पॉलिश कधी लागलं नाही. एकदा तपासणीला आलेल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं अहवालात लिहिलं होतं, या शाखेतला बाक कधी रिकामा दिसला नाही. माझं कौतुक झालं ते तेवढंच. मला पुरलं.

माझ्यानंतर वर्षभरानं कुंडलिक आला. केम गावचा मुलगा, मॅट्रिक झालेला, तीन नंबरच्या खिडकीवर बचत खात्याचा कारकून. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे कागद तो स्वतः भरायचा. अंगठ्यावर मागाची जखम कुठं आहे त्यावरून माणूस ओळखायचा. म्हाताऱ्या बायका दुसरी खिडकी मोकळी असली तरी त्याच्याच खिडकीसाठी माझ्यावर बसून राहायच्या. सतरा वर्षं हे असं चाललं.

शहात्तर साली मुख्य कचेरीतून नवे साहेब आले. तेव्हा आणीबाणी होती, भिंतीभिंतीवर शिस्तीच्या पाट्या लागल्या होत्या. साहेबांनी एक पाटी स्वतःच्या डोक्यात लावून आणली होती. दर सोमवारी ते सगळ्यांना उभं करायचे आणि आठवड्यात सगळ्यात मागं पडलेल्या माणसाला स्वतःचं नाव मोठ्यानं वाचायला लावायचे. पन्नाशीची माणसं स्वतःचं नाव वाचताना अडखळायची. मी ऐकलंय.

मग मुख्य कचेरीचं पत्र आलं. शाखेत पाच माणसं जास्त आहेत. आता बँकेनं काढलं तर भरपाई द्यावी लागते, आणि माणूस आपण होऊन गेला तर कप-बशीत चहा पाजला की झालं. म्हणून साहेबांनी पाच कागद टाइप करून घेतले. वैयक्तिक कारणामुळे मी स्वखुशीनं राजीनामा देत आहे. खाली सहीला जागा. चौघांनी आठवड्यात सही केली. कुंडलिकनं केली नाही.

"माझं काय चुकलं ते लिहून द्या साहेब," तो म्हणाला, "त्याच्याखाली सही करतो. हे खोटं आहे, ह्याच्याखाली नाही."

दुसऱ्या दिवशी त्याचं टेबल उचललं. खिडकी बंद केली. साहेबांनी बोटानं मला दाखवलं. दहा ते पाच इथं बसायचं. वाचायचं नाही, लिहायचं नाही, गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. पगार चालू. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, ही कसली शिक्षा? बसून खायला मिळतंय की. एकदा बसून बघा.

पहिल्या आठवड्यात तो माझ्या कडेवर ताठ बसायचा, आत्ता कुणी हाक मारील आणि उठावं लागेल असा. दुसऱ्या आठवड्यात त्याची बोटं माझ्या फळीवर आपोआप काहीतरी लिहायला लागली. तिसऱ्या आठवड्यात त्यानं पाठ टेकली, आणि मला भीती वाटली. बरोबरचे लोक लांबून वळसा घालून जायचे. सतरा वर्षं एका डब्यात जेवलेले लोक. गुंडा नावाचा शिपाई तेवढा पाणी आणायचा. पण तोही पाठमोरा उभा राहून पेला मागं धरायचा, कारण केबिनच्या काचेतून सगळं दिसत होतं. रोज अकरा वाजता तोच गुंडा तो कागद आणायचा.

"अण्णा, आज?"

"आज नाही."

घरी त्यानं काही सांगितलं नव्हतं. बायको वच्छला रोज डबा बांधून द्यायची आणि तो रोज तो डबा माझ्यावर बसून एकटा खायचा.

सदतिसाव्या दिवशी सांगोल्याचा मायाप्पा धनगर आला. तीन महिने मेंढरांमागं हिंडून आला होता. खिडकी बंद बघून तो गोंधळला, मग त्याला माझ्यावर बसलेला कुंडलिक दिसला. डोक्यावर पंखा, समोर टेबल नाही, हातात कागद नाही. मायाप्पा बराच वेळ बघत राहिला. त्यानं आयुष्यात कचेऱ्या पाहिल्या होत्या त्या बाहेरून. आत जो काहीच करत नाही तोच सगळ्यात मोठा साहेब, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. तो निघून गेला आणि तासाभरानं चार माणसं घेऊन परत आला. टॉवेल, टोपी, नारळ आणि पुडीत गुलाल.

कुंडलिकला काही कळायच्या आत त्याच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल आला. कपाळाचा गुलाल माझ्यावर सांडला.

"कळिवलं बी न्हाय व्हय आमास्नी, अण्णा?" मायाप्पा म्हणाला. "काम न्हाय, कागद न्हाय, निस्तं बसायचं. कलेक्टरला बी असं घावत न्हाय. सतरा वर्सं आमचं अंगठं धरलंसा, त्येचं फळ हाय हे."

कुंडलिकनं सरकून माझ्यावर जागा केली. "बस मायाप्पा," एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले. हातात फायली, कपाळावर घाम, काय चाललंय म्हणून ओरडत. मायाप्पानं त्यांना वरून खाली न्याहाळलं. एवढा धावपळ करणारा माणूस म्हणजे हाताखालचाच असणार.

"नवीन हाय का तुमी?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "जीव लावून काम करा. तुमास्नी बी मिळंल की बसाय, एक दिस."

हॉल हसला. कित्येक महिन्यांत त्या हॉलमध्ये कुणी हसलं नव्हतं. खिडक्यांमागचे हसले, वळसा घालून जाणारे हसले. साहेब केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

पावणेपाचला गुंडा वेगळा कागद घेऊन आला. गिऱ्हाइकांना चिथावून शाखेत निदर्शनं घडवून आणल्याबद्दल सेवेतून बडतर्फ. चौकशी नाही, नोटीस नाही. कुंडलिकनं दोनदा वाचलं.

"ह्याला माझी सही लागत नाही?"

"मिळाल्याची तेवढी, अण्णा."

त्यानं मिळाल्याची सही केली. मग खिशातला रुमाल काढून माझ्यावर सांडलेला गुलाल पुसला आणि गेला.

इथं गोष्ट संपली असती. पण तो घरी अजूनही गप्प होता. रोज साडेनऊला डबा घेऊन निघायचा आणि स्टेशनवर जाऊन बसायचा, हे मला मागून कळलं. सहाव्या दिवशी बाजारात मायाप्पाच्या बायकोनं, केराबाईनं, वच्छलेच्या तोंडात साखर घातली. नवरा मोठा साहेब झाला म्हणून. वच्छला तशीच घरी गेली, चांगलं लुगडं नेसली आणि नवऱ्याची नवी जागा बघायला बँकेत आली.

"कुटं बसत्यात ते?" तिनं गुंडाला विचारलं. चेहरा फुललेला.

गुंडानं माझ्यावर हात ठेवला. "हितं बसत होते, वहिनी." आणि मग त्यानं सगळं सांगितलं.

ती रडली नाही. केबिनच्या दारात गेली. "सायेब, माझ्या मालकांनी काय केलं?"

साहेब म्हणाले, हा ऑफिसचा मामला आहे, त्यांनाच विचारा.

"त्यास्नी न्हाय इचारत. तुमास्नी इचारतीया."

साहेबांनी घंटी वाजवली. गुंडा आला आणि तिच्या शेजारी नुसता उभा राहिला.

"मग मी बसती," वच्छला म्हणाली. "तुमास्नी येळ मिळंल तवा सांगा."

आणि ती माझ्यावर बसली, मांडी घालून. पाच वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी शेजारी बसलेल्या बायकांनी विचारलं, कशाला थांबलीस? तिनं प्रत्येकीला एका वाक्यात सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी साहेबांनी मला उचलायला लावलं. लोकांनी उभ्यानं कामं उरकावीत, बाकाची गरज नाही.

तेव्हापासून मी मागच्या अंगणात मोरीच्या भिंतीशी पडलोय. एका पायाला वाळवी लागली आहे. आतलं मला काही दिसत नाही, गुंडा बिडी ओढायला येतो तेव्हा सांगतो. त्या दिवशी वच्छला आली, फरशीवर माझ्या चार पायांचे डाग होते तिथं उभी राहिली आणि पाचपर्यंत उभी होती, असं तो म्हणाला. साहेब मागच्या दारानं गेले. पुढं त्यांना बढती मिळाली. कुंडलिक आता एका मागवाल्याकडं सूत मोजतो. मालक चांगला आहे, त्यानं खुर्ची दिली आहे. कुंडलिक तिच्यावर बसत नाही. दिवसभर उभ्यानं काम करतो.

मित्रांनो, माझी निगा राखा, मला रंग लावा, असं मी सांगणार नाही. लाकूड आहे, कुजेन नाहीतर जळेन. पण एखाद्या कचेरीत कामाचा माणूस नुसता बसवलेला दिसला, तर वळसा घालून जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि कुणी बसवलं ते मोठ्यानं विचारा.

आणि साहेब, तुम्ही जिथं असाल तिथं. एका बाईनं तुम्हाला चार दिवस एकच प्रश्न विचारला. तुम्ही घंटी वाजवलीत, मला फेकून दिलंत, मागच्या दारानं गेलात, बढती घेतलीत, पण बोलला नाहीत. आता मी विचारतो. कुंडलिकनं काय केलं होतं? उत्तर द्या.