विमानाच्या पोटाखालची झोळी

मी एक जुनी, झोपायची झोळी आहे, मित्रांनो. मोरिचे नावाच्या ताडाच्या धाग्यांची, आता कडेला उसवलेली. ग्वाव्हियारे नदीकाठच्या सिकुआनी जमातीच्या एका बाईने मांडीवर धागा वळून मला विणले. विणताना ती गुणगुणायची,

"नीज आली दारी, तिला पाट द्यावा बाई,
हाकलली नीज, मग विचारून येत नाही."

कॅप्टन एव्हारिस्तो यांनी मला विकत घेतले. त्यांचे मालवाहू विमान म्हातारे, दोन इंजिनांचे. गवताळ धावपट्टीवर उतरले, की माल चढेपर्यंत कॅप्टन मला विमानाच्या पोटाखाली, दोन चाकांच्या दांड्यांना बांधत आणि सावलीत झोप काढत. आमच्या मैदानी मुलुखात सगळेच वैमानिक असे करत. उठले, की माझ्यावर थाप मारून म्हणत, "हे माझं तिसरं इंजिन!" तेव्हा मला आभाळ ठेंगणे होई.

मग मासळीचा हंगाम आला. फेऱ्या वाढल्या. तांबडे फुटण्याआधी उठायचे, दिवे लागल्यावर घरी यायचे, आणि मधे झोपेच्या जागी गोड काळी कॉफी. मी पोत्यांखाली कोंबली गेले. पण अंगातले घड्याळ कॉफीला फसत नाही, मित्रांनो. ते भर दुपारीसुद्धा आपली रात्र मागून घेते.

एका दुपारी विमान असे आदळत उतरले, की पोती माझ्यावरून घरंगळली. सहवैमानिक नूबियाने मला बाहेर ओढले, चाकांना बांधले आणि स्वतःच आत आडवी झाली.

"ऊठ गं! हे काय सोंग?" कॅप्टन ओरडले.

"उतरताना तुमची हनुवटी छातीला टेकली होती, कॅप्टन. विमान मी सावरलं, म्हणून आपण इथे भांडतोय. तुम्ही झोपायला तयार होईपर्यंत मी उठत नाही."

"डोळे मिटून विचार करत होतो."

"घोरत?"

मासेवाल्या डोन्या, म्हणजे बाईसाहेब, कुस्तोदिया कमरेवर हात ठेवून आल्या. "इकडे बर्फाचं पाणी होतंय! माझे मासे काय पोहत जाणार? पाजा कॅप्टनना कॉफी, टोपभर!"

"पाजा. आणि बसा की मग विमानात त्यांच्या मागे, नेहमीसारख्या माशांच्या खोक्यांवर," नूबिया म्हणाली.

डोन्या कॅप्टनकडे वळल्या. ते चाकाला टेकले होते. पेला हातातच कलंडला होता. कॉफी विजारीवर सांडत होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

"अगं बाई! याच्या भरवशावर मी आभाळात जाणार होते?" त्या पुटपुटल्या. मग बाह्या सरसावून गरजल्या, "मीठ आणा रे! चिरा सगळे मासे. मासा खारवता येतो, माणूस नाही."

नूबिया उठली आणि दोघींनी कॅप्टनना उचलून माझ्यात ठेवले. झोपेने केवढा जड झाला होता तो देह! माझे दोन धागे तुटले, पण मी त्यांना धरून ठेवले.

मित्रांनो, पेंगणाऱ्या चालकाला शाबासकी देऊ नका, कॉफीचा पेलाही पुढे करू नका. त्याच्यासाठी सावली शोधा. आणि तो उठेपर्यंत जरा हळू बोला.