बाल्दिरीची नदी

"नदी यंदा कोरडी," रोझेर म्हणाली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिने चष्मा काढला की विषय संपला, असं मंडळात सगळे समजत.

चर्चच्या तळघरात पेसेब्रे मंडळाची नोव्हेंबरातली पहिली बैठक चालली होती. नाताळसाठी तळघराच्या भिंतीला लागून पेसेब्रे, म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा मांडायचा, आणि तो जन्म आपल्याच डोंगरातल्या जंगलात झाल्यासारखा दाखवायचा, ही गावाची जुनी रीत. बेथलेहेमला ओकची दाट राई नव्हती, हे एका धर्मगुरूंनी मागे सांगून पाहिलं होतं. पुढे त्यांनीही नाद सोडला.

"कोरडी म्हणजे?" क्लिमेंतने विचारलं. देखाव्यातले डोंगर आणि जंगल उभं करायचं काम त्याच्याकडे असे.

"कोरडी म्हणजे कोरडी. तीन वर्षं धड पाऊस नाही. चौकातलं कारंजं बंद आहे. लोक भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालतायत, आणि आपण इथे धबधबा सोडायचा? जोडे मारतील लोक. चांदीचा कागद लावा, नाहीतर नुसते गोटे टाका." रोझेर गावातलं औषधांचं दुकान चालवायची, त्यामुळे लोक काय म्हणतील ते तिला लोकांच्या आधी कळायचं.

सगळ्यांनी बाल्दिरीकडे पाहिलं. देखाव्यातली नदी त्याची.

"बरं," बाल्दिरी म्हणाला.

तो जन्मभर प्लंबर होता. गावाने त्याचा चेहरा कमी आणि बेसिनखालून बाहेर आलेले पाय जास्त पाहिले होते. वाद घालायची त्याला सवय नव्हती. पाण्याशी वाद घालून चालत नाही, त्याला वाट काढून द्यावी लागते, आणि माणसांशीही तो तसाच वागत आला होता. घरात बोलण्याचं खातं बायकोकडे, एंग्रासियाकडे होतं. ती फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून त्याच्या घरात रेडिओ तेवढा बोलायचा.

एंग्रासिया कापडगिरणीच्या धुलाईखात्यात होती. देखाव्यातली मातीची माणसं मांडायचं काम तिचं. मेंढपाळ, पाववाली, चेस्टनट भाजणारी म्हातारी, आणि नदीकाठी गुडघ्यांवर बसलेली धुणेवाली. ही धुणेवाली तिची खास लाडकी. आणि अर्थात कागानेर. लाल टोपी घातलेला, विजार खाली ओढून झुडपामागे परसाकडे बसलेला हा बोटभर उंचीचा शेतकरी आमच्या प्रत्येक पेसेब्रेत असतोच. तो जमीन कसदार करतो म्हणतात. तो नसला तर वर्ष वाईट जातं. त्याला जंगलात कुठेतरी लपवायचा आणि पोराबाळांनी तो शोधायचा. कुठे लपवला ते एंग्रासिया कोणालाही सांगत नसे, नवऱ्यालाही नाही.

कागानेर बसवण्याचा एक नियम होता, आणि तोही तिनेच केलेला. फार पूर्वी क्लिमेंतने गंमत म्हणून कागानेर धबधब्याशेजारी बसवला होता. एंग्रासिया सगळ्यांदेखत त्याच्यावर तुटून पडली होती. "वरच्या अंगाला हा बसणार आणि खालच्या अंगाला ती बाई त्याच पाण्यात धुणं धुणार? तुम्हा पुरुषांनी कधी चादर धुतलीय का रे जन्मात?" तेव्हापासून कागानेर नेहमी धुणेवालीच्या खालच्या अंगाला. गावातलं शेंबडं पोरही धबधब्याकडे शोधायला जात नसे.

मागच्या नाताळात मात्र तो कोणालाच सापडला नाही. बाल्दिरीनेही शोधला होता. "अरे, तुझ्या नाकासमोर बसलाय," एंग्रासिया म्हणायची आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची. त्या खोकल्याकडे दोघांनीही नीट लक्ष दिलं नाही. कांदेलेराचा सण आला, म्हणजे देखावा मोडायचा दिवस, तेव्हा ती इस्पितळात होती आणि तो तिच्या उशाशी. आवराआवर बाकीच्यांनीच केली. माणसं पेटीत भरताना कागानेर मिळाला नाही. धुळीबरोबर गेला असेल, असं म्हणून एकमेकांवर ढकलून सगळे मोकळे झाले. पुढे उन्हाळ्यात विहिरी आटल्या तेव्हा बारमध्ये कोणी म्हणालंही, "कागानेर हरवला, आता कसला पाऊस पडतोय." आधीची दोन वर्षं तो हजर असतानाही पडला नव्हता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्दिरी मंडळाच्या कोठीत गेला. नदीत पाणी नसेल तर पंप काढून ठेवलेला बरा. धबधबा म्हणजे बुचाची साल आणि सिमेंट यांचा एक अखंड ठोकळा होता, कमरेएवढा उंच. खालच्या हौदातलं पाणी पंप वर चढवायचा, ते कड्यावरून पडायचं, जंगलातून वळणं घेत धुणेवालीपाशी यायचं आणि पुन्हा हौदात. कड्यामागे त्यानेच मुठीएवढी खोबण ठेवली होती, नळी आत घालायला सोपं जावं म्हणून. वाहत्या पाण्याच्या पडद्याआड ती कधी दिसायची नाही.

त्याने प्लास्टिकचा कागद बाजूला केला. खोबणीत हात घालणार तोच थांबला.

कागानेर आत बसला होता. टोपीवर पाण्यातल्या चुन्याचा पांढरा थर, विजार खाली, तोंड बाहेर प्रेक्षकांकडे. मागचा नाताळभर पाण्यामागून तो सगळ्या गावाकडे पाहत असणार.

बाल्दिरी उलट्या बादलीवर बसला. वरच्या अंगाला! जिने नियम केला तिनेच तो मोडला होता, आणि तोही अशा जागी की जिथे गावात फक्त एका माणसाचा हात जातो. पंप एकदा जरी अडला असता तरी तो त्याला सापडला असता. पण बाल्दिरीचा पंप अडत नसे. मागच्या नाताळात रोज संध्याकाळी तो त्या धबधब्यासमोर उभा राहून पाण्याची धार सारखी पडते का तेवढंच पाहत होता, आणि ती शेजारी उभी राहून हसत होती.

तो हसला, मग बराच वेळ रडला. ती गेल्यावर तो असा रडला नव्हता. तिने टाकलेला डाव अजून मांडलेलाच आहे आणि आता खेळी आपली आहे, असं त्याला वाटलं. त्याने कागानेरला हात लावला नाही. कागद होता तसा वर घातला.

घरी जाताना त्याला कळलं की नदी कोरडी ठेवली तर कागानेर उघडा पडेल.

पुढच्या बैठकीत रोझेर चांदीच्या कागदाची गुंडाळी घेऊनच आली होती. बाल्दिरी उठून उभा राहिला. तो उभा राहिला म्हणजे जायला निघाला, असं वाटून क्लिमेंतने त्याचा कोट पुढे केला.

"नदीत पाणी सोडायचं," बाल्दिरी म्हणाला.

"अहो, ठरलंय ना आपलं?" रोझेर चष्मा काढत म्हणाली. "तुम्हीच बरं म्हणालात."

"म्हणालो होतो. आता नाही म्हणतोय."

"आणि पाणी कुठनं आणणार? नळाचा एक थेंब मी वापरू देणार नाही, सांगून ठेवते. नगरपालिकेची नोटीस माझ्या दुकानाच्या दारावर चिकटवलीय."

"अंघोळीचं. गरम पाणी यायच्या आधी शॉवरमधून गार येतं ना, ते मी बादलीत धरतो. स्वच्छ असतं. हौद भरला की तेच फिरत राहतं, फार लागत नाही."

"ते पाणी सगळे झाडांना घालतायत, बाल्दिरी."

"मीही घालत होतो."

सगळ्यांना ठाऊक होतं की त्याच्या घराच्या मागच्या अंगणात एंग्रासियाचं लिंबाचं झाड आहे. रोझेरने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, म्हणजे विषय उघडला.

"इतकं काय अडलंय हो त्या पाण्यावाचून?"

हा प्रश्न येणार हे त्याला माहीत होतं. "माझी नदी आहे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एवढा चढला की तो स्वतःच दचकला.

"जाऊ दे ना गं रोझेर," क्लिमेंत म्हणाला. "माणूस जन्मात पहिल्यांदा भांडतोय, हरवू नकोस त्याला. फक्त एक पाटी लावू, की हे पाणी बाल्दिरीच्या अंघोळीचं आहे. लोक नाकाला रुमाल लावून येतील, गर्दी आपोआप आवरेल."

हसण्यात ते पार पडलं. पाटी मात्र रोझेरने खरंच लावली, जरा सभ्य शब्दांत. निघताना ती म्हणाली, "यंदा माणसं मी मांडीन. आणि तो कागानेर नवा आणावा लागेल."

"कागानेरचं मी बघतो," बाल्दिरी म्हणाला.

मग रोज सकाळी तो पाण्याचा कॅन घेऊन तळघराचा जिना उतरायचा. क्लिमेंत सालीचे डोंगर रचत असे. रानातलं शेवाळ काढायला आता बंदी आहे, म्हणून त्याने लाकडाचा भुसा हिरवा रंगवून घेतला होता आणि त्याबद्दल सरकारला शिव्या देत होता. थाइम या सुवासिक रानझुडपाच्या वाळवलेल्या काड्या एकेक करून भोकांत रोवल्या की ओकचं जंगल व्हायचं. सगळं तळघर थाइमच्या वासाने भरून जाई.

"किती वेळ त्या कड्यापाशी खेळतोयस?" क्लिमेंत विचारायचा. "धार तर चांगली पडतेय."

"पातळ आहे."

"मागच्या वर्षीही एवढीच होती."

"मागच्या वर्षी पाणी जास्त होतं."

पाणी कमी असलं की ते कड्याच्या पोटाला चिकटून मागे ओघळतं आणि पडदा मध्येच फाटतो. फाटला की आतली लाल टोपी दिसे. बाल्दिरीने कड्याच्या ओठावर पाटीच्या दगडाची पातळ चीप बसवली, ती काढली, घासली, पुन्हा बसवली. क्लिमेंत जवळ आला की तो मध्ये उभा राहून घाम पुसायचा. शेवटी पाणी एकसंध, काचेसारखं खाली उतरलं. त्या दिवशी घरी जाऊन त्याने लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. पानं गळायला लागली होती. त्याने मान वळवली.

देखावा उघडला आणि गाव लोटलं. पाटीचं कौतुक झालं. काही बायका आपापल्या घरचं बाटलीभर पाणी आणून हौदात ओतूनही गेल्या. आटलेल्या ओढ्यांच्या त्या वर्षात लोक वाहत्या पाण्यापाशी जास्त वेळ उभे राहत. पोरं मात्र कागानेर शोधून हैराण झाली. धुणेवालीच्या खालचं झुडूप न् झुडूप बोटांनी चाचपून झालं. बार्सिलोनाहून आलेल्या एका पाहुणीने तर, कागानेर ठेवायचा नसेल तर तसं आधी सांगावं, असं रोझेरला सुनावलं.

"तुम्ही आणलाच नाहीत ना?" रोझेरने त्याला कोपऱ्यात गाठलं. "खरं सांगा. विसरलात."

"आहे तो."

"कुठे आहे? मी स्वतः दोनदा शोधला."

"नाकासमोर," बाल्दिरी म्हणाला. हा शब्द तोंडून निघाला आणि त्याला फार बरं वाटलं.

कांदेलेराच्या दिवशी आवरायला सगळे जमले. क्लिमेंत थाइम उपटू लागला, तर बाल्दिरीने त्याला थांबवलं.

"आधी नदी बंद करू. इकडे या सगळे."

"पंप बंद करायला काय आता भाषण करणार आहेस?" क्लिमेंत म्हणाला, पण आला. रोझेर हात पुसत आली. बाकीचेही जमले. बाल्दिरीने कळ दाबली.

नाताळभर कानांत बसलेला आवाज थांबला. पडदा मधोमध फाटला, त्याच्या तारा झाल्या, तारांचे थेंब झाले. आणि थेंबांच्या मागे, विजार खाली ओढून, कागानेर सगळ्यांकडे बघत बसला होता.

"वरच्या अंगाला!" रोझेर म्हणाली. "धुणेवालीच्या वर! हे कोणी..." आणि तिथेच ती थांबली.

बाल्दिरी म्हणाला, "मागच्या वर्षीपासून तिथेच आहे. मी हात लावला नाही."

क्लिमेंत हसायला लागला. हसता हसता त्याने भिंतीला हात टेकला. "अगं बाई! मला केवढं झापलं होतंस गं तू! केवढं झापलं होतंस!" तो जणू तिच्याशीच बोलत होता. मग सगळेच हसले, रोझेर तर डोळे पुसत हसली. मागच्या वर्षी आवराआवर केलेले दोघं एकमेकांना मूर्ख म्हणाले. एंग्रासिया जिंकली होती, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. बाल्दिरीला एवढंच हवं होतं.

रोझेरने हात पुढे केला, तर तो म्हणाला, "थांबा. निथळू दे."

पाणी निथळलं. त्याने कागानेर उचलला, रुमालाने पुसला आणि कोटाच्या खिशात ठेवला. पेटीत टाका, असं कोणी म्हणालं नाही. हौदातलं पाणी त्याने कॅनमध्ये भरून घेतलं. क्लिमेंत एक कॅन उचलायला पुढे झाला, पण त्याने मानेनेच नको म्हटलं.

घरी अंगणात झाडाला आता थोडीच पानं उरली होती. बाल्दिरीने मुळाशी सावकाश पाणी घातलं. माती इतकी कडक झाली होती की आधी पाणी वरच साचून राहिलं. ते आत मुरेपर्यंत, खिशातला कागानेर मुठीत धरून तो तिथे उभा राहिला.