चंद्रभानच्या गाडीची चाबी

पवनीत लुगड्यांचा व्यापार करणाऱ्या चंद्रभानला लकवा मारला, तो आणीबाणी उठली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. तोंडातून एकच आवाज निघे, 'आं, आं'. तहान लागली तरी तोच, पाठीला रग लागली तरी तोच. बायको कौशल्याबाई सुरुवातीला दर वेळी धावत जाई. पाणी हवं का, चादर हवी का, कूस बदलायची का, एकेक विचारत बसे. पुढे घरातलं नि घरच्या हातमागावरचं सगळंच तिच्या अंगावर आलं. मग ती हातातलं काम न सोडता "हो, आली" म्हणू लागली. कधी जाई, कधी राहून जाई.

अंगणात त्याची जुनी ॲम्बेसेडर उभी होती. तिच्यात गठ्ठे भरून चंद्रभाननं लाखनी, तुमसर, पार बपेऱ्यापर्यंतचे बाजार केले होते. दुसऱ्या कोणाला त्यानं कधी तिच्या चाकाला हात लावू दिला नाही. आता मुलगा टेकचंद एसटीनं माल नेत होता. त्याला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. उंदरांनी मागच्या गादीत पिल्लं घातली, तेव्हा त्यानं लाखनीच्या सेवकरामला गाडी देऊन टाकायचं ठरवलं. सेवकरामला ती भाड्यानं चालवायची होती. हे बाबूजींना कोणी सांगायचं, यावर मायलेकांत बरेच दिवस घोळ चालला. शेवटी कोणीच सांगितलं नाही.

सेवकराम आला तो तेजराम मिस्त्रीला घेऊनच. मिस्त्रीनं बॅटरी बसवली, पाणी भरलं, पेट्रोल ओतलं. पण चाबी काही फिरेना. आत जायची आणि तशीच अडकून बसायची. त्यानं कुलपात रॉकेल सोडलं, फुंकर मारली, हातोडीच्या दांड्यानं हळूहळू ठोकलं. काही उपयोग झाला नाही.

ओसरीत बाजेवर टेकून बसलेला चंद्रभान हे सगळं बघत होता. एकाएकी त्यानं 'आं, आं' सुरू केलं. डावा हात उचलून चिमूट धरली, ती छातीकडे ओढली आणि मनगट हलवलं. पुन्हा ओढली, पुन्हा हलवलं.

"बाबूजी 'माही गाडी हाय' म्हणून राहिले," टेकचंद आईला हळूच म्हणाला. "नाही, नाही म्हणून राहिले."

कौशल्याबाईलाही तसंच वाटलं. सेवकराम बिचारा अवघडून उभा राहिला. आज राहू द्या, पुन्हा येतो, असंही म्हणाला. चंद्रभानचा आवाज चढत गेला, तोंडातून लाळ गळू लागली. चार माणसांत नवऱ्याचे हे हाल तिला बघवेनात. तिनं आणि टेकचंदनं मिळून त्याला उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन निजवलं. तो डाव्या हातानं चौकट धरून ठेवत होता. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

"कायले जीव जाळता?" ती म्हणाली. "गाडी कोन चालवन आता?"

तिनं दार ओढून घेतलं, कडी लावली.

बाहेर मिस्त्रीनं पक्कड लावून जोर केला, तशी चाबी आतच तुटली. मग त्यानं खालच्या तारा सोडवून एकमेकींना जोडल्या. गाडी खोकली आणि चालू झाली. सेवकरामनं निरोप घेतला. गाडी गल्लीतून वळून गेली, तरी आवाज बराच वेळ ऐकू येत होता. आतून मात्र काहीच आवाज नव्हता.

संध्याकाळी ती त्याला वरणभात भरवायला गेली. त्यानं तोंड उघडलं नाही. तिच्या कमरेला चाब्यांचा जुडगा होता, त्यातली पेटीची चाबी त्यानं डाव्या हातात धरली आणि ओढू लागला. तिनं जुडगा काढून दिला. बाजेजवळच्या पेटीच्या कुलपात त्यानं बऱ्याच खटपटीनं चाबी घातली. मग चिमटीत धरून ती केसभर मागे ओढली, अगदी ओसरीत चिमूट छातीकडे ओढली होती तशी, आणि मनगट हलवलं. मग तिच्याकडे बघितलं.

तिच्या हातातली थाळी तशीच राहिली.

"चाबी कशी फिरवाची ते सांगून राहिले होते तुमी?"

चंद्रभाननं डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. आपली गाडी जाते आहे, हे त्याला कळलं होतं. तरी ती नीट जावी म्हणून तो सांगत होता, आणि तिनं त्याला आत कोंडून घातलं होतं. तिनं त्याचा हात कपाळाला लावला आणि तशीच बसून राहिली. वरणभात थंडगार झाला.

टेकचंदला तिनं हे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बाजारात निघण्याआधी तो बापाशेजारी बसू लागला. कुठं जातो आहे, कोणती लुगडी नेतो आहे, सगळं सांगू लागला. कौशल्याबाईही हाक आली की काम टाकून जाई, त्याच्या हाताकडे बघत राही. कधी अर्थ लागे, बहुतेक वेळा लागत नसे.

पौषातल्या थंडीत चंद्रभान गेला. त्या सकाळीही तो डाव्या हातानं काहीतरी दाखवत होता. ती शेजारीच बसली होती, डोळे फाडून बघत होती. पण काय ते तिला कळलं नाही.