आणि तांड्यावरची सगळी घरं

चौतीस वर्षं मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो, त्यामुळे बेशिस्त मला सोसत नाही. रांग मोडलेली दिसली की माझं डोकं सणकतं. रिटायर झाल्यावर माणसं शेती बघतात, नातवंडं खेळवतात. मी आमच्या चर्चच्या पंचकमिटीचा सेक्रेटरी झालो. जनकाबाई, म्हणजे माझी बायको, म्हणते की प्रवाशांची सुटका झाली आणि ख्रिस्तजन तावडीत सापडले.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडे. चर्चला गावातली तीस घरं आणि पाच किलोमीटरवरच्या तांड्यावरची चौदा. चर्चच्या भिंती माझे वडील याकोबराव आणि तांड्याचे नायक भोजू राठोड यांनी स्वतःच्या हातांनी रचल्या. भोजूंचा मुलगा शंकरसिंग राठोड आणि मी शाळेत एका बाकावर. त्यानं मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, मी त्याला पाढे शिकवले. मला उत्तम पोहता येतं. त्याचे पाढे अजून कच्चे आहेत. साठ वर्षं तो मला अमऱ्या म्हणत आला आणि मी त्याला शंकऱ्या. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय घालवून बसलो होतो ते कळेल.

फेब्रुवारीत आमच्याकडे कापणीचा सण असतो. प्रत्येक घर आपल्या शेतातलं पहिलं पीक टोपलीत घालून आणतं. ओली हळद, हरभरा, ज्वारीची कणसं. ज्याला शेत नाही तो कोंबडी आणतो, नाहीतर अंडी. एकेक घर वेदीपाशी जातं. पाळक ती टोपली दोन्ही हातांनी घेतात आणि माणसाचं नाव मोठ्यानं पुकारतात: त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव आणि टोपलीत काय आहे ते. वर्षभर ज्याला कुणी विचारत नाही, त्याचंही नाव त्या दिवशी भरल्या चर्चमध्ये घुमतं. त्यासाठी माणसं नवे कपडे शिवतात.

मागच्या वर्षाआधी या सगळ्यात नुसती ढकलाढकली असायची. एकदा गावातल्या ग्यानोबांचा कोंबडा सुटून पेटीवर जाऊन बसला आणि प्रेमानंदला, आमच्या पेटीवाल्याला, गीत मध्येच थांबवावं लागलं. मागच्या वर्षी मी ठरवलं, आता शिस्त. पुठ्ठ्याचे चव्वेचाळीस बिल्ले कापले, त्यावर नंबर टाकले आणि दारात उभा राहिलो. ज्याचा पाय आधी दारात, त्याला आधीचा नंबर.

कागदावर यात काहीच चूक नव्हती. पण तांड्यावरची माणसं काळीपिवळी जीपनं येतात, आणि ती जीप भरल्याशिवाय सुटत नाही. हे मला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? तांड्याला एकतीस ते चव्वेचाळीस नंबर मिळाले. तिसावी टोपली होईपर्यंत साडेबारा वाजले. तेव्हाच्या पाळकसाहेबांचे हात भरून आले होते, बाहेरून मटणाचा वास यायला लागला होता. गाडीला उशीर झाला की मधले थांबे गाळायचे, ही माझी जन्माची सवय. मी पुढे वाकून कुजबुजलो, "साहेब, आता सगळ्यांचं एकदाच घ्या."

साहेबांनी ऐकलं. चौदा टोपल्या खाली फरशीवर ठेवल्या गेल्या आणि ते म्हणाले, "आणि तांड्यावरची सगळी घरं."

शंकरसिंग हातात टोपली घेऊन उभा होता. त्यानं साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मग टोपली ठेवली आणि न जेवता निघून गेला. पुढच्या रविवारी चर्चमधली डावीकडची सतरंजी रिकामी होती. तांड्यावर शंकरसिंगच्या अंगणात, लिंबाखाली, वेगळी उपासना सुरू झाल्याचं कळलं.

असे अकरा महिने गेले. तांड्यावरचा उत्तमसिंग ढोलक वाजवायचा, तो गेल्यापासून आमची गीतं उपाशी माणसानं म्हटल्यासारखी व्हायची. कमिटीत कुणी म्हणे, येतील आपोआप. कुणी म्हणे, एवढ्याशा गोष्टीचा एवढा राग? मी सभेचं इतिवृत्त लिहीत बसायचो. मला शंकऱ्याची फार आठवण यायची. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि जनकाबाईला सांगायची गरज पडली नाही.

दिवाळीनंतर साहेबांची बदली झाली आणि नव्या पाळक आल्या, करुणाताई. वय बत्तीस, स्कूटीवर फिरणाऱ्या, बोलायला गोड आणि ठरवलेलं सोडायचं नाही अशा. जानेवारीचे चारही रविवार त्यांनी एकाच गोष्टीवर उपदेश केला: मान स्वतः घेऊ नका, दुसऱ्याला द्या, दुसऱ्याला पुढे करा, आपण मागे राहा. चौथ्या रविवारी त्या मला म्हणाल्या, "काका, सणाचं आमंत्रण तांड्यावर तुम्ही घेऊन जायचं."

"कमिटीतलं कुणीही जाईल की," मी म्हणालो.

"कुणीही नको. तुम्ही."

जनकाबाईला मागे बसवून मोटारसायकलवर गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. शंकरसिंगच्या बायकोनं, रुख्मिणीबाईनं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. शंकरसिंग खाटेवरून उठला आणि म्हणाला, "बसा, अमृतराव."

बसा! साठ वर्षांत त्यानं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. त्यानं शिवी दिली असती तर मी सुखानं खाल्ली असती. त्या एका शब्दानं माझं सगळं पाठांतर पळालं. मी खिशात हात घातला, बिल्ला काढला आणि म्हणालो, "औंदा एक नंबर तुमच्या घरचा. आठ वाजता मी दोन जीपा पाठवतो."

त्यानं बिल्ला घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "नंबर व्हय," तो म्हणाला. "बरं. येतो आमी."

परतताना तांडा मागे पडला. मग जनकाबाई म्हणाली, "माफी मागायला गेलते का तिकीट फाडायला?"

मी गाडीचा वेग वाढवला.

सणाच्या दिवशी मी पाठवलेल्या दोन्ही जीपा साडेआठला चर्चपुढे थांबल्या. चौदाच्या चौदा घरं उतरली. रुख्मिणीबाई आणि जनकाबाई दारातच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि लगेच हळदीला औंदा काय उतारा आहे ते बोलायला लागल्या. बायकांना हे बरं जमतं. शंकरसिंग मला फक्त "जय ख्रिस्त" म्हणाला आणि आत जाऊन डावीकडच्या सतरंजीवर बसला.

प्रार्थना झाली, गीत झालं. करुणाताई वेदीपुढे येऊन म्हणाल्या, "आता टोपल्या आणा."

कुणी उठेना. सगळे एक नंबरकडे बघत होते. शंकरसिंग उठला, पण टोपली न घेता. तो सरळ ग्यानोबांपाशी गेला आणि बिल्ला त्यांच्या हातात ठेवला. "तुमी वयानं मोठे. तुमी पुढं व्हा."

ग्यानोबा म्हणजे याआधी तीस वर्षं कोपरानं वाट काढत पहिले जाणारे. पण त्यांनी जानेवारीचे चारही उपदेश ऐकले होते. "छे, छे! मी काहून?" ते म्हणाले. "मुंजाजीला द्या. त्यानं औंदा रंग दिला सगळ्या चर्चला."

मुंजाजीनं बिल्ला निखारा धरावा तसा धरला आणि पलीकडे दिला. पलीकडच्यानं पलीकडे. प्रत्येकाला दुसरा आपल्यापेक्षा थोर वाटू लागला, आणि का वाटतो ते प्रत्येक जण उभा राहून सांगू लागला. ज्यांचा बांधावरून तीन वर्षं अबोला होता त्या दोघांनी एकमेकांची स्तुती करत बिल्ला चार वेळा इकडून तिकडे केला. बायकांच्या बाजूला तो जनकाबाईकडे आला, तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडं नका आणू. ह्या पुठ्ठ्यानं आमच्या घरची झोप उडवली वर्षभर."

प्रेमानंदनं तेच गीत तिसऱ्यांदा सुरू केलं. बाहेरून आचारी दारात येऊन ओरडला, "ओ सेक्रेटरी, भात गिच्च होऊन राहिला!" करुणाताईंनी तोंडावर पदर धरला होता, त्या प्रार्थना करत होत्या की हसत होत्या, कोण जाणे. त्यांच्या उपदेशाला इतकं यश मिळेल असं त्यांनाही वाटलं नसावं. पाऊण तास झाला आणि एक टोपली हलली नाही. ढकलाढकलीची बेशिस्त मी आवरली असती, पण सभ्यपणाची बेशिस्त कशी आवरायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी बिल्ला फिरत फिरत माझ्याच हातात आला. मी तो पाहिला, आणि खाटेपाशी उभा राहून "नंबर व्हय" म्हणणारा शंकऱ्या मला आठवला. नंबर त्यानं कधी मागितलाच नव्हता. त्याचं नाव गाळलं होतं मी, आणि बदल्यात पुठ्ठा दिला.

मी उठलो आणि माईक हातात घेतला. चौतीस वर्षांची सवय. तोंड उघडलं की तोच आवाज निघतो.

"ख्रिस्तजनांनी कृपया लक्ष द्यावे."

चर्चमध्ये हशा पिकला. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो.

"गेल्या वर्षी या सणाला चौदा घरांची नावं गाळली गेली. ती चूक पाळकसाहेबांची नव्हती. कंट्रोलरनं थांबे गाळले. झालेल्या गैरसोयीबद्दल..." इथे मी माईक खाली घेतला, पुन्हा वर धरला. "गैरसोय नव्हती ती. अपमान होता. मी केला. मला माफ करा."

कुणी हसलं नाही. मी रजिस्टर उघडलं नाही. नावं मला पाठ होती, टोपल्या समोर दिसत होत्या. हिंगोलीहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्या ज्याला झोपेत म्हणता येतात, त्याला चौदा घरं काय जड आहेत?

"शंकरसिंग भोजू राठोड. ओली हळद, आणि वर रुख्मिणीबाईंच्या परसातले दोन पेरू."

तो बसूनच होता. रुख्मिणीबाईनं त्याला कोपर मारलं. मग तो उठला, टोपली उचलली आणि मधल्या वाटेनं सावकाश चालत गेला. करुणाताईंनी दोन्ही हात पुढे केले.

"उत्तमसिंग लच्छू राठोड. हरभरा." तो गेला, आणि येताना ढोलक घेऊन प्रेमानंदशेजारी बसला. "देविदास हरचंद चव्हाण. ज्वारी. पेमा गोपा आडे. सात अंडी." पेमाला मागेपुढे कुणी नाही, दुसऱ्याच्या शेतात राबते. आपलं नाव माईकवर ऐकून ती आधी मागे वळून बघायला लागली, दुसरी कोण पेमा आली म्हणून. अंडी घेऊन निघाली तेव्हा तिच्यासाठी सगळ्यांनी पाय आखडून वाट रुंद केली. चौदा झाली, मग गावातली घरं झाली. ढकलाढकली नाही, बिल्ला नाही. ग्यानोबांचा कोंबडासुद्धा निमूट गेला.

त्रेचाळीस नावं घेतली आणि मी अडलो. जनकाबाई मागे टोपली घेऊन उभी होती आणि माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. स्वतःचं नाव स्वतः कसं पुकारायचं? मी माईक ठेवणार, इतक्यात कुणीतरी तो माझ्या हातातून काढून घेतला.

शंकरसिंग होता. त्यानं जन्मात माईक धरला नव्हता. आधी त्यावर फुंकर मारली, टिचकी मारली. मग माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आन राहिलेली सगळी घरं."

माझी मान खाली गेली. लागलं, फार लागलं. पण त्याचा हक्कच होता तो. मी जनकाबाईच्या हातातली टोपली घ्यायला निघालो. मुकाट्यानं खाली फरशीवर ठेवून द्यायची, एवढंच डोक्यात होतं.

"थांब की लेका!" माईकमधून आवाज गरजला. शंकरसिंगच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता. "कसं लागतं ते दावलं फक्त. अमृतराव याकोब खिल्लारे! जनकाबाई अमृतराव खिल्लारे! टोपलीत काय हाय, वहिनी?"

"कणसं!" जनकाबाई ओरडली. "आन ह्यांचा ताठा, सगळा काढून ठिवला!"

"कणसं हायत! गाडी येऊन राहिली, रस्ता द्या!"

उत्तमसिंगनं ढोलकावर थाप मारली. टोपलीचा एक कान मी धरला, एक जनकाबाईनं, आणि आम्ही चालत निघालो. समोरचं मला नीट दिसत नव्हतं, पण ती वाट माझ्या पायाखालची होती.

भात खरंच गिच्च झाला होता. पंगत बसली तेव्हा मी सवयीप्रमाणे टोकाला उभा राहून कोण कुठे बसतो ते बघत होतो. शंकरसिंगनं माझा हात धरून मला खाली बसवलं. दोन्हीकडे माणसं दाटीनं बसलेली, जागा बोटभर.

"अमऱ्या, सरक तिकडं," तो म्हणाला.

मी सरकलो.